ॲनिमेशनची पदवी : प्रवेश घेण्याआधी

बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरकडच्या शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. पूर्वी प्रश्न ठरलेले असत. मेडिकलला नंबर लागेल का, इंजिनिअरिंगची कोणती शाखा घ्यावी, नाहीतर डी.एड. बरे का. आता त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, पोरगी चित्रं चांगली काढते. मोबाइलवर हलणारी चित्रंही करते. तिला ॲनिमेशनच्या डिग्रीला घालावं म्हणतो. कोणतं कॉलेज चांगलं?"

या प्रश्नाने शिक्षक अडचणीत येतो. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांबद्दल त्याला चार गोष्टी माहीत असतात. मागच्या वर्षी किती गुणांवर प्रवेश मिळाला, शुल्क किती, आपल्या शाळेतले कोण तिथे शिकले, वगैरे. ॲनिमेशनच्या बाबतीत हाताशी असते ते फक्त रंगीत माहितीपत्रक. त्यात सॉफ्टवेअरची लांबलचक यादी असते, गाजलेल्या परदेशी चित्रपटांतली चित्रे असतात आणि शेवटी 'शंभर टक्के नोकरी' असे छापलेले असते. यातले पहिले कालबाह्य होऊ शकते, दुसऱ्याचा त्या संस्थेशी संबंध असेलच असे नाही आणि तिसऱ्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण याच कागदाच्या आधाराने शेतीवर चालणारे एखादे घर मुलीची तीन-चार वर्षे आणि कर्जाचे पैसे पणाला लावणार असते.

या लेखात कोणत्याही एका महाविद्यालयाची शिफारस केलेली नाही. शिफारशीशिवाय निवड कशी करता येईल, एवढेच आपण पाहणार आहोत. त्यासाठी ॲनिमेशन म्हणजे नेमके काय शिकायचे असते, हे आधी समजून घ्यावे लागेल. ते एकदा समजले की माहितीपत्रक कसे वाचायचे, हेही समजते.

चित्र हलते कुठे?

पडद्यावरची चित्रे स्थिर असतात, हे आपण वर्गात सांगतो. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे एकामागून एक येतात आणि ती हलल्यासारखी दिसतात. का? याचे ठरलेले उत्तर म्हणजे दृष्टिसातत्य. डोळ्यातील पडद्यावर प्रतिमा सुमारे १/१६ सेकंद टिकते, ती पुसली जाण्याआधी दुसरी येते, म्हणून चित्र सलग दिसते. अनेक पुस्तकांतून हे उत्तर वर्षानुवर्षे छापले गेले आहे.

या उत्तरावर थोडा विचार करा. पहिली प्रतिमा टिकून असतानाच दुसरी आली, तर काय दिसायला हवे? एकाच कागदावर दोनदा छापलेल्या चित्रासारखा गोंधळ दिसायला हवा. प्रत्यक्षात गोंधळ दिसत नाही, हालचाल दिसते. म्हणजे चित्रांमधला काळोख किंवा लुकलुक का जाणवत नाही, याचे उत्तर देताना दृष्टिसातत्याचा काही उपयोग होईल. हालचाल का दिसते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९१२ साली या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. शेजारी शेजारी असलेल्या दोन रेषा त्यांनी आळीपाळीने दाखवल्या. दोन्हींमधले अंतर सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाएवढे असेल, तर पाहणाऱ्याला आधी एक रेषा आणि मग दुसरी, अशा दोन वेगळ्या रेषा दिसत. अंतर सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढे कमी केले, तर दोन्ही एकदमच दिसत. पण अंतर या दोहोंच्या मधले, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सोळाव्या भागाएवढे असेल, तर एकच रेषा इकडून तिकडे सरकल्याचा भास होई. प्रत्यक्षात काहीच सरकलेले नसे. ही हालचाल कागदावर नव्हती, ती पाहणाऱ्याचा मेंदू तयार करत होता.

ॲनिमेशनचा पाया इथे आहे. ॲनिमेशन करणारा चित्रे काढतो हे खरे, पण त्याचे मुख्य काम असते ते एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत किती फरक करायचा हे ठरवण्याचे. कॅनडाचे प्रसिद्ध ॲनिमेशनकार नॉर्मन मॅक्लॅरेन हीच गोष्ट आग्रहाने मांडत. संगणक आला, सॉफ्टवेअर बदलली, तरी हे काम बदललेले नाही.

करून पाहा : पडणारा चेंडू

हा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात एका तासात होतो. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद घ्या. कार्ड उभे धरा आणि वरच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर एक खूण करा. ही चेंडूची सुरुवातीची जागा.

आता थोडे गणित. सोडून दिलेला चेंडू एका सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. तेव्हा दोन चित्रांमधला काळ १/१२ सेकंद. पडण्याचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पहिल्या चित्रापर्यंत चेंडू ४.९ भागिले १४४ मीटर, म्हणजे ३.४ सेंटिमीटर पडेल. दुसऱ्यापर्यंत त्याच्या चौपट, १३.६, तिसऱ्यापर्यंत नऊपट, ३०.६, पुढे ५४.४, ८५ आणि अर्ध्या सेकंदाला १२२.५ सेंटिमीटर. हे माप दहापट लहान करू, म्हणजे सेंटिमीटरचे मिलिमीटर होतील. पहिल्या खुणेपासून ३.४, १३.६, ३०.६, ५४.४, ८५ आणि १२२.५ मिलिमीटरवर एकेका कार्डावर लहानसा चेंडू काढा. सुरुवातीचे धरून सात कार्डे झाली. तीच चित्रे उलट क्रमाने आणखी सहा कार्डांवर काढली की चेंडू उसळून वर जाईल. तेरा कार्डांना डावीकडे चिमटा लावा आणि उजवी कड अंगठ्याने भराभर सोडा. मोबाइल असेल तर एकेका कार्डाचे छायाचित्र घेऊन ती सेकंदाला १२ या वेगाने दाखवता येतील.

आता दुसरा संच करा. यात सगळी अंतरे सारखी ठेवा, प्रत्येक वेळी २०.४ मिलिमीटर. दोन्ही संच विद्यार्थ्यांच्या हातात द्या आणि काहीही न सांगता विचारा, कोणता चेंडू खरा?

दुसरा चेंडू पडत नाही. कुणीतरी दोरीला बांधून सावकाश खाली सोडावा तसा तो उतरतो. पहिल्या चेंडूला वजन आहे. दोन्ही संचांत वर्तुळ तेच, कागद तोच, पेन्सिल तीच; बदलली ती फक्त अंतरे. लागोपाठच्या अंतरांचे प्रमाण १, ३, ५, ७, ९, ११ असे आहे. गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी शोधलेला हा नियम ज्या मुलाला माहीत नाही, त्याचा डोळासुद्धा नियम मोडलेला लगेच ओळखतो. डोळ्याला जाणवते ते हाताने घडवता येणे, हेच ॲनिमेशनचे शिक्षण.

बैलाची चाल

चेंडूनंतर लोलक घ्या. दोरी चौपट लांब केली की झोक्याला दुप्पट वेळ लागतो. चालताना पाय हासुद्धा थोडाफार लोलकासारखाच झुलतो. म्हणूनच हत्तीचे पाऊल संथ पडते आणि शेळीचे भरभर. कागदावर हत्ती कितीही मोठा काढला, पण त्याला शेळीच्या लयीत चालवला, तर तो खेळण्यातला हत्ती वाटतो. आकारसुद्धा काळाने दाखवावा लागतो.

चार पायांचा जनावर चालताना पाय कोणत्या क्रमाने टाकतो, हे वर्गाला विचारून पाहा. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बैल आहेत, त्या घरांतली मुलेही अडखळतील. क्रम असा : डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. घोड्याच्या धावण्याबद्दल तर चित्रकारांचीही शेकडो वर्षे चूक होत आली होती. ते पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा हवेत दाखवत. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे खरे, पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात.

हा अभ्यास करायला आपल्याकडे साधनांची वाण नाही. लातूर जिल्ह्यातली देवणी आणि नांदेडकडची लाल कंधारी या गोवंशाच्या नामांकित जाती आहेत. माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट आणि बैल एकाच माळावर चालताना, बसताना, उधळताना पाहायला मिळतात. ॲनिमेशन शिकू पाहणाऱ्या मुलीने त्या यात्रेत वही घेऊन काढलेला एक दिवस, संगणकाच्या वर्गातल्या बऱ्याच दिवसांपेक्षा अधिक शिकवून जाईल.

आपली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, हे चांगलेच आहे. पण त्या परीक्षांत समोरचा तांब्या हलत नाही. वस्तुचित्रात 'ए' श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला हालचाल दिसतेच असे नाही. याउलट, रेघ थोडी ओबडधोबड असलेला एखादा मुलगा मास्तरांची चाल चार रेघांत पकडतो. ॲनिमेशनकडे जाण्याचा विचार करताना हा दुसरा मुलगाही शिक्षकाच्या नजरेतून सुटू नये.

आधी विद्यार्थ्याची परीक्षा

ॲनिमेशन पाहायला आवडणे आणि करायला आवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेकंदाला १२ चित्रे धरली तर एका मिनिटाला ७२० चित्रे होतात. संगणकावर काम करताना यातली सगळी चित्रे हाताने काढावी लागत नाहीत, पण हालचालीचा प्रत्येक क्षण तपासावा लागतोच.

म्हणून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला एक काम द्यावे. दहा सेकंदांची, १२० चित्रांची एक गोष्ट. विषय साधा असावा : कोंबडी दाणा टिपते, आजी पोतडीतून काहीतरी काढते, एस.टी. थांब्यावर थांबते. मुदत एक महिना. तीस चित्रांनंतर कंटाळा आला तर काहीच बिघडले नाही. एका वहीच्या किमतीत एक मोठा निर्णय टळला. १२० चित्रे पूर्ण झाली, ती पाहून मुलगी म्हणाली की कोंबडीची मान चुकलीय, पुन्हा करते, तर पुढच्या चौकशीला लागायला हरकत नाही.

लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना एक चांगली सवय लावली आहे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवायचा, न कंटाळता. ही सवय इथे फार उपयोगी पडते. फरक एवढाच की इथे उत्तरपत्रिका तपासायला आदर्श उत्तर नसते. चूक कुठे आहे, हे स्वतःलाच पाहावे लागते.

आधीची माणसे कुठे शिकली?

दादासाहेब फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोगही त्यांनी हाताळले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याआधी भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती. वाटाण्याचा दाणा पेरून, त्याचे रोप वाढत असताना रोज थोडे थोडे चित्रण करून, कित्येक दिवसांची वाढ त्यांनी पडद्यावर एका दमात दाखवली. आपल्याकडच्या चित्रपटाच्या अगदी आरंभीच्या या प्रयत्नाचा विषय वनस्पतिशास्त्राचा होता, ही गोष्ट विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. १९१५ साली फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा काड्यापेटीतल्या काड्या हलवणारा लघुपटही केला. १९३४ साली प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा छोटा कार्टूनपट काढला.

पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते १९५६ च्या सुमारास. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या तरुणांना शिकवायला आले. त्या तरुणांतले राम मोहन हे रसायनशास्त्राचे पदवीधर होते. पुढे 'मीना'सारख्या मालिकेमागे त्यांचेच काम होते. १९७४ साली विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला 'एक अनेक और एकता' आजच्या कित्येक शिक्षकांनी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला असेल. त्याची चित्रे भीमसेन यांची.

या सगळ्यांकडे ॲनिमेशनची पदवी नव्हती. म्हणून आज पदवी नको, असा अर्थ मात्र काढू नये. त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या : रोज सराव, आणि स्वतः काम करणाऱ्या जाणत्या माणसाने चूक दाखवून देणे. महाविद्यालय या दोन गोष्टी देते का, हा निवडीचा गाभा आहे. पदवीचा कागद ही त्यापुढची आणि वेगळी बाब.

पदवी देते कोण?

हा कागदाचा प्रश्न असला तरी त्यात अनेक कुटुंबे फसतात, म्हणून तो स्पष्ट करू. आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यात तशी तरतूद आहे. गल्लीतल्या प्रशिक्षण केंद्राच्या फलकावर 'डिग्री' लिहिलेले असले, तर पहिला प्रश्न विचारायचा : पदवी प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल? ते विद्यापीठ दूरच्या राज्यातले असेल आणि शिकवणी मात्र इथल्या दोन खोल्यांत असेल, तर सावध व्हावे. खाजगी केंद्रांना आपली पदवी चालवायला देण्याची मुभा आयोग विद्यापीठांना देत नाही.

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. हे विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले. स्थानिक महाविद्यालय ॲनिमेशनची पदवी देतो म्हणत असेल, तर त्या वर्षीच्या संलग्नतेचे पत्र पाहावे. महाविद्यालय संलग्न असणे पुरेसे नाही, तो अभ्यासक्रमही संलग्न असावा लागतो. पदवीचे नावही नीट पाहावे. बी.एस्सी., बी.व्होक., बी.एफ.ए., बी.डेस. या सगळ्यांत 'ॲनिमेशन' शब्द येऊ शकतो, पण पहिल्यात संगणकावर, दुसऱ्यात व्यवसायाच्या कौशल्यावर, तिसऱ्यात चित्रकलेवर आणि चौथ्यात संकल्पनेवर भर असण्याचा संभव अधिक. शिष्यवृत्तीची गरज असेल तर महाडीबीटीच्या संकेतस्थळावर ती संस्था आणि तो अभ्यासक्रम दिसतो का, हे प्रवेशाआधी पाहावे. बँकेकडेही आधीच चौकशी करावी. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कोणत्याही महाविद्यालयाने अडकवून ठेवू नयेत, अशी अधिसूचना आयोगाने २०१८ साली काढली आहे.

आता उलट बाजूही पाहू. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली सुरू झाली. २०१४ च्या कायद्याने तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला; तोवर ती पदविकाच देत होती. आणि तरीही तिथली ॲनिमेशनची पदविका देशभर मानली जात होती. तेव्हा कागद आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी तपासायच्या. एक चांगले म्हणून दुसरे चांगले असेलच, असे गृहीत धरू नये.

या संस्थेची आणि मुंबईच्या आय.आय.टी.च्या बी.डेस.ची प्रवेशपरीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. मुंबईची परीक्षा 'यूसीड' नावाने ओळखली जाते आणि तिच्यात चित्र काढण्याचाही भाग असतो. या परीक्षा बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यात होतात. म्हणजे निकालानंतर चौकशी सुरू करणाऱ्याची ही दारे त्या वर्षापुरती बंद झालेली असतात. बी.एफ.ए.साठी राज्याची स्वतंत्र सीईटी असते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे आणि मुंबईच्या जे. जे.ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. उपयोजित कलेची पदवी घेऊन नंतर ॲनिमेशनकडे वळणे, हाही कमी खर्चाचा आणि भक्कम मार्ग आहे.

तिथे जाऊन काय पाहावे?

माहितीपत्रकावर विसंबू नये. विद्यार्थी, पालक आणि जमल्यास शिक्षकाने चालू सत्रात, वर्ग भरलेले असताना एकदा तिथे जाऊन यावे. पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे काम मागावे. सर्वोत्तम काम दाखवतीलच. पण एका वर्गातल्या सगळ्यांचा उसळणारा चेंडू किंवा चालणारा माणूस दाखवा म्हणावे. चेंडूला वजन आहे का, हे आता आपल्याला ओळखता येते.

२. वेळापत्रक पाहावे. पहिल्या वर्षी हाताने चित्र काढणे, माणसे-जनावरे पाहून रेखाटणे, गोष्ट रचणे यांना आठवड्यात किती तास आहेत? सगळे तास सॉफ्टवेअरचेच असतील तर तो पदवी अभ्यासक्रम नव्हे, लांबवलेला क्लास आहे.

३. शिकवणाऱ्यांनी स्वतः केलेले काम पाहायला मागावे. आपल्याच संस्थेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेले विद्यार्थी सगळे विषय शिकवत असतील, तर चूक दाखवणारा जाणता माणूस तिथे नाही.

४. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी स्वतःची फिल्म पूर्ण करतो का? नोकरी मागताना गुणपत्रिकेआधी हेच काम पाहिले जाते.

५. संगणक किती, आणि ते संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी वापरता येतात का?

६. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोलू द्या म्हणावे. शंभर टक्के नोकरीचा दावा असेल तर यात अडचण यायला नको. पहिली नोकरी कशाची, ती किती महिने टिकली, आज काय करतात, हे त्यांनाच विचारावे.

७. पूर्ण मुदतीचा एकूण खर्च लेखी घ्यावा. शुल्क, वसतिगृह, संगणक आणि साहित्य सगळे धरून.

सॉफ्टवेअर आणि नोकरी

एकेकाळी जाळ्यावरची हलती चित्रे म्हणजे 'फ्लॅश', असे समीकरण होते. अनेकांनी तेवढेच शिकून घेतले. २०२० च्या अखेरीस फ्लॅश प्लेयर बंद झाला. ज्यांना हालचाल कळत होती त्यांनी दुसरे साधन उचलले. ज्यांना फक्त बटणे माहीत होती ते अडले. दुसरीकडे, लाटव्हियात बनलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तो 'ब्लेंडर' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला आहे. तेव्हा महागडे सॉफ्टवेअर शिकवतो म्हणून शुल्क जास्त, या म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

नोकऱ्या आहेत, पण त्या अस्थिर आहेत, हे पालकांना स्पष्ट सांगावे. आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंत परदेशी चित्रपटांचे काम चालते. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या कंपनीच्या शाखा मुंबई-हैदराबादला होत्या. २०१३ च्या फेब्रुवारीत त्या कामाला ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २०२५ साली टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा भारतातल्या कर्मचाऱ्यांचेही काम गेले. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण सरकारी घोषणा म्हणजे नोकरी नव्हे.

त्यातच आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. दोन चित्रांमधली चित्रे भरणे, पार्श्वभूमी रंगवणे, अशी कामे यंत्र करू लागले आहे, आणि नवशिक्याला पहिली नोकरी मिळत असे ती नेमकी अशाच कामांवर. यंत्राने काढलेला बैल चुकीचा चालत असेल तर ते ओळखणारा माणूस मात्र लागणारच. ज्या अभ्यासक्रमात डोळा घडतो, तो या बदलात टिकण्याची शक्यता अधिक. ज्यात बोटे फक्त बटणांवर फिरतात, त्याचे भविष्य कठीण दिसते.

चित्रपटांबाहेरही या विद्येची गरज आहे, हे मी संशोधक म्हणून सांगू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दख्खनच्या स्थिर समजल्या जाणाऱ्या भूभागात जमीन का हलली, दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची धाबी का कोसळली, हे औसा-उमरग्याच्या मुलाला त्याच्या भाषेत दाखवणारी दोन मिनिटांची हलती चित्रे शोधायला गेलो तर सहज हाती येत नाहीत. विहिरीचे पाणी कुठून येते, बोंडअळी कापसात कशी शिरते, मांजरा धरण का भरत नाही, या गोष्टी शब्दांनी अर्ध्याच कळतात. त्या दाखवायला विज्ञान समजणारा आणि हालचाल समजणारा असा माणूस हवा. तो मुंबईहून येण्याची वाट पाहण्यापेक्षा इथेच घडला तर बरे.

शिक्षकांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. नववीतच कार्डांचा चेंडू करून घ्यावा. अकरावीच्या दिवाळीत १२० चित्रांचे काम द्यावे. बारावीच्या पहिल्या सत्रात प्रवेशपरीक्षांच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. इतके झाले की निकालाच्या दिवशी पालकांना द्यायला शिक्षकाकडे महाविद्यालयाच्या नावापेक्षा उपयोगाचे काहीतरी असेल : मुलीने केलेले काम, आणि कोणत्याही महाविद्यालयाच्या दारात विचारता येतील असे सात प्रश्न.